शिकणाऱ्यांच्या बाजूला

“भाऊ, तर्री अलग ठेवा हं. पोह्यावर आधीच नका ओतू,” सरिता तिसऱ्यांदा सांगत होती.

नत्थूभाऊ पोहेवाल्याने झारा कढईच्या काठावर टेकवला. त्याचा चेहरा चांगलाच दुखावला होता. “मॅडम, नागपुरात बिना तर्रीचे पोहे? मायी इज्जत काय राहीन?”

“अहो, लोक नागपूरचे नाहीत ना. कोणी आसामचं आहे, कोणी मदुराईचं, एक पोरगी तर श्रीनगरहून आली आहे. सकाळीच त्या तिखट रश्श्यानं तोंड पोळलं तर दिवसभर बोलतीन काय?”

“मंग मी चमच्यानं देतो. ज्याले झेपते त्यानं मागून घ्यावं.”

“हां, तसं करा. अन् मले भरपूर टाका.”

बाजूला उभा असलेला तिचा नवरा अंकुश हसायला लागला. अंकुश एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. आज रजा टाकून तो बायकोच्या हाताखाली राबायला आला होता आणि सकाळपासून खुर्च्या, वायरी, पाण्याचे कॅन असं जे समोर येईल ते उचलत होता. “अवं, तू एका जागी बस ना थोडी. लग्नातही तू इतकी नव्हती नाचली,” तो म्हणाला.

“लग्नात मले माहीत होतं तू येशील. इथं कोण येईन, कोण नाही, काय भरोसा?”

भरोसा नव्हता हे खरंच. धंतोलीतल्या या इमारतीत खाली रक्ततपासणीची लॅब, मधले सगळे मजले डॉक्टरांचे आणि सगळ्यात वर हा हॉल. डॉक्टरांच्या सभा व्हायच्या तिथे. आज मात्र दारावर कापडी फलक होता: ‘सोबत – बायोइन्फर्मॅटिक्स संशोधकांचं पहिलं राष्ट्रीय संमेलन’. फलक लावून झाल्यावर सरिताने तो लांबून पाहिला, जवळून पाहिला आणि मग ‘राष्ट्रीय’ या शब्दावरून हळूच हात फिरवला. कुणी पाहिलं नाही, असं तिला वाटलं. अंकुशने पाहिलं होतं.

पोह्यांचा वास जिन्यातून खाली गेला आणि माणसं वर यायला लागली. पण ती संशोधक नव्हती, दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक होती. काखेत एक्स-रेचं पाकीट धरलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “बाई, भंडारा आहे का इथं?”

“आहे ना बावाजी. घ्या, पोट भरून घ्या,” सरिता म्हणाली आणि अंकुशने कपाळावर हात मारला.

आता ही सरिता खोब्रागडे कोण, ते सांगायलाच हवं. मोठी बाई नव्हे हो. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली तर घरी. माहेर नागपूरजवळच्या कुहीकडचं. बायोइन्फर्मॅटिक्स म्हणजे काय, हे तिच्या आईला, सिंधूताईला, तिने कितीदा तरी समजावलं होतं. की बी असो का माणूस, प्रत्येकाच्या आत अक्षरांची एक लांबच लांब माळ असते, ती कॉम्प्युटरवर वाचायची. सिंधूताई ऐकून घ्यायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, “पोरगी कम्प्यूटरचं काम करते.”

तिकडे कुहीत धान निघालं की त्याच ओलीवर लाखोळी टाकतात. लाखोळीची डाळ गोड लागते, पण तिच्यात एक विषारी अंश असतो. भरमसाट खाल्ली तर पाय लुळे पडतात, अशी भीती गावोगाव आहे. कमी विषाचं वाण मिळावं म्हणून ते विष बनवणारा जनुक शोधायचा, असं सरिताने पीएचडीला ठरवलं. विषय मंजूर झाला, बी जमा झालं, माळ वाचूनही मिळाली. आणि तिथून पुढे गाडं रुतलं. ती पडद्यावर जनुक उघडायची आणि समोर नुसता कचरा. अर्थ लागणारं एक प्रथिन निघेना. गाइड सर भला माणूस, पण कॉम्प्युटर सुरू करायलाही शिपायाला हाक मारायचे. विचारणार कुणाला? पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या लोकांना तिने मेल केल्या. एकाचंही उत्तर आलं नाही. मग सर निवृत्त झाले, नोंदणीची मुदत संपली, लग्न झालं, पोरगी झाली. लाखोळी राहिली ती राहिलीच.

पुढे बऱ्याच वर्षांनी भूमिका ठवकर नावाची पारशिवनीची विद्यार्थिनी तिच्यासमोर तस्साच कचरा घेऊन रडत बसली. दोघी डोकी घालून बसल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. एक सॉफ्टवेअर अक्षरं मोजताना शून्यापासून सुरुवात करतं आणि दुसरं एकापासून. एकाची फाइल दुसऱ्याला दिली की पहिलंच अक्षर गळतं. ही माळ तीन-तीन अक्षरांनी वाचायची असते, त्यामुळे पहिलं गळालं की पुढचं सगळं सरकतं. बस, एवढंच. भूमिका आनंदाने ओरडली. सरिताही हसली. मग ती स्टाफरूमच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिला फार रडू आलं. तिची सगळी उमेद एका अक्षरापायी बुडाली होती. ते अक्षर कळणारं कुणी एक माणूस शेजारी असतं, तर चहा संपायच्या आत सांगितलं असतं त्याने.

त्याच आठवड्यात तिने शनिवारची बैठक सुरू केली. ऑनलाइन, दुपारी, ज्याला अडेल त्याने यावं. पहिल्या शनिवारी त्या दोघीच होत्या. मग मदुराईचा सेल्वम आला, त्याने गुवाहाटीच्या रिमझिमला आणलं, तिने आणखी कुणाला. हिंदी-इंग्रजीची खिचडी करून सगळे बोलायचे. नाव ठेवलं ‘सोबत’. रिमझिम ते ‘शोबोत’ म्हणते, चालतं. नियम एकच: समोरच्याला ‘हे तर सोपं आहे’ असं म्हणायचं नाही. म्हटलं की दंड म्हणून कधीतरी नागपूरला येऊन सगळ्यांना पोहे खाऊ घालायचे. सेल्वम बिचारा हुशार असल्यामुळे त्याच्या डोक्यावर इतके दंड चढले होते, की आजचा सगळा नाश्ता त्याचाच होता.

आणि तो आलाच. पाठीवर पिशवी, हातात चप्पल, कारण जिन्यात तिचा अंगठा तुटला होता. आल्या आल्या त्याने सरिताच्या पाया पडायला वाकून पाहिलं, ती मागे सरकली, मग तोही बावरला. दोघं इतकी वर्षं पडद्यावर बोलत होते आणि आता समोरासमोर काय करावं तेच सुचेना. “मॅडम, आप तो बहुत छोटे हैं,” तो शेवटी म्हणाला. सरिता उंचीला खरोखर बेताचीच. ती मनापासून हसली.

मग रांगच लागली. गुवाहाटी आली, श्रीनगर आलं, भोपाळहून एक अख्खा वर्ग आला, गडचिरोलीहून दोन पोरी आल्या. माणसं एकमेकांना आधी आवाजावरून ओळखत होती आणि मग चेहऱ्याकडे बघत होती. तर्री न मागणारा एकही निघाला नाही. श्रीनगरच्या पोरीने तर दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा नत्थूभाऊने वळून सरिताकडे असं पाहिलं, की तिने कानच पकडले. हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या. अंकुश खालच्या डॉक्टरांकडून बाक उचलून आणत होता आणि सरिताला दर दोन मिनिटांनी वाटत होतं, की आपण आता उडूनच जाऊ.

तेवढ्यात भूमिका आली. ती आता डॉक्टर भूमिका होती, हैदराबादला नोकरीला. तिच्यासोबत डॉ. मुकुंद आगाशे होते. दिल्लीतल्या एका मोठ्या संस्थेचे अधिकारी, मूळचे पुण्याचे. ‘सोबत’ला संस्थेने पाठबळ द्यावं म्हणून भूमिका वर्षभर त्यांच्या मागे लागली होती. आज ते स्वतः बघायला आले होते आणि दुपारच्या विमानाने परत जाणार होते.

डॉ. मुकुंदांनी पोहे खाल्ले, घाम पुसला, हॉलमधली गर्दी पाहिली. मग ते सरिताला बाजूच्या गॅलरीत घेऊन गेले. भूमिकाही मागोमाग गेली.

“बाई, मी थक्क झालोय,” ते म्हणाले. “आमचं ठरलंय. मोठा कॉम्प्युटर देऊ, देशातून कुठूनही वापरता येईल असा. दोन पूर्णवेळ माणसं देऊ. गरजू मुलांना शिष्यवृत्ती देऊ. तुम्ही हो म्हणालात तर आजच जाहीर करतो.”

मोठा कॉम्प्युटर! गडचिरोलीच्या त्या पोरी कॉलेजच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरसाठी प्राचार्यांच्या दारात उभ्या राहत होत्या. “हो म्हणजे काय सर, हो-च,” सरिता म्हणाली.

डॉ. मुकुंदांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिले. “फक्त एक अडचण आहे. सरकारी पैसा आहे, त्याला नियम आहेत. मार्गदर्शक म्हणून ज्यांची नावं राहतील, त्यांची पीएचडी झालेली हवी. आणि प्रमुखाची तर हवीच हवी.”

गॅलरीखाली एक अँब्युलन्स थांबली, माणसं धावली. तिघंही उगाचच तिकडे बघत राहिले.

“सर, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं,” भूमिकाचा आवाज चढला.

“मलाही परवाच कळलं. मी भांडलो. ऐकत नाहीत,” डॉ. मुकुंद म्हणाले आणि सरिताकडे वळले. “बाई, तुमचं नाव मानद संस्थापक म्हणून राहील. कार्यालयात तुमचा फोटो लावू, मी शब्द देतो.”

“फोटो भिंतीवर लागायले अजून टाइम आहे सर,” सरिता म्हणाली. ती हसलीही. पण तिला लागलं होतं. चांगलंच लागलं होतं. कॉलेजात दर वर्षी मुलाखतीला हेच व्हायचं. ‘पीएचडी नाही का? बरं, बघू.’ ते कॉलेज होतं, परक्यांचं होतं. पण हे तर तिने स्वतः उभं केलं होतं आणि आता इथेही दारात तोच प्रश्न.

“मला विमानाआधी उत्तर लागेल,” डॉ. मुकुंद म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. ते आत गेले.

दार लागताच भूमिकाने नागपुरी सुरू केली. “नाही घ्यायचं मॅडम. सांगून देतो मी त्याहिले. नाही पाहिजे तुमचा कॉम्प्युटर. तुमच्याशिवाय कायची ‘सोबत’?”

“हळू बोल वं.”

“काहून हळू बोलू? माया थीसिसमधला एक एक आकडा तुमच्या डोक्यातून गेला आहे. मी डॉक्टर झाली अन् तुम्ही मार्गदर्शक नाही? हे काय होऊन राहिलं?”

सरिता काचेकडे वळली. गॅलरीच्या काचेतून तिला आतलं दिसत होतं. कार्यक्रम सुरूच व्हायचा होता, पण कुणी थांबलं नव्हतं. सेल्वम अनवाणी जमिनीवर बसला होता, मांडीवर त्याचा लॅपटॉप, त्यावर गडचिरोलीच्या पोरीचं अडलेलं काम. रिमझिम त्याच्या खांद्यावरून वाकून काहीतरी दाखवत होती. श्रीनगरची पोरगी पोह्यांची बशी हातात धरून खायचं विसरली होती. मग पडद्यावर काहीतरी जमलं असावं, कारण ते चौघंही एकदम मागे सरकले आणि गडचिरोलीच्या पोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सरिताला तो चेहरा नीट माहीत होता. कुणाचं असं जमलं की तिला स्वतःला आतून आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. तशाच आत्ताही फुटल्या, आणि मघाचं दुखणं होतं तिथेच असूनही तिला फार बरं वाटलं.

“भूमिका, त्या पोरीले कॉम्प्युटर भेटला पाहिजे का नाही?”

“पाहिजे. पण—”

“मंग झालं. मायं नाव वर राहिलं अन् तिचं काम अडलं, तर मी हे सुरूच काहून केलं?” मग तिला काहीतरी सुचलं आणि ती दार ढकलून तडक आत गेली. डॉ. मुकुंद दुसऱ्यांदा पोहे घेत होते.

“सर, एक विचारायचं राहिलं. मार्गदर्शकाले अट आहे. शिकणाऱ्याले काय अट आहे?”

“शिकणाऱ्याला?” ते गोंधळले. “काहीच नाही. संशोधन करायची इच्छा हवी.”

“वय?”

“वयाची अट नाही.”

“अन् गाइड नसला तर?”

“तोच तर मुख्य भाग आहे, बाई. देशातल्या कुठल्याही विद्यापीठातला गाइड आम्ही जोडून देणार. नोंदणीलाही मदत करणार.” बोलता बोलता ते थांबले. बशी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

“मंग करा जाहीर,” सरिता म्हणाली. “मायं एकच म्हणणं आहे. ज्याहिच्याजवळ डिग्री नाही पण जे शिकवून राहिले, त्याहिले मार्गदर्शक नका म्हणू, सोबती म्हणा. पण हाकलू नका.”

“नाही हाकलणार,” डॉ. मुकुंद म्हणाले. “सोबती या शब्दाला कुठलाच नियम आडवा येत नाही.”

त्यांनी जाहीर केलं. नियमही सांगितला. आधी टाळ्यांनी हॉल दणाणला आणि नियम ऐकल्यावर टाळ्या एकदम थांबल्या. ज्याला नीट कळलं नाही, त्याला शेजाऱ्याने कानात सांगितलं. सेल्वम उभा राहिला आणि परत बसला. ‘सोबत’ची प्रमुख आता डॉ. भूमिका ठवकर असेल, हे सरितानेच माइकवर सांगितलं. मग ती म्हणाली, “चला, रडारड नको. कामाले लागू.”

काम म्हणजे अडलेल्याची बैठक. मंचावर समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. शिकणारे हॉलच्या एका बाजूला, मार्गदर्शक दुसरीकडे. ज्याचं अडलं असेल त्याने एका खुर्चीत बसायचं, मार्गदर्शकाने दुसऱ्या खुर्चीत. मार्गदर्शकाने आधी फक्त विचारायचं, सांगायचं नाही. आणि पहिला प्रश्न कायम एकच, कुठपर्यंत नीट चाललं होतं? सरिताचीच पद्धत ती. अडलेला माणूस कुठे बिघडलं तेवढंच बघत बसतो. आधी त्याला जमलेलं आठवायला लावायचं.

“पहिलं कोण?” भूमिकाने माइकवर विचारलं.

देशभरातून आलेली सगळी पोरं एकदम खाली बघायला लागली. ऑनलाइन बोलणं वेगळं आणि इतक्या लोकांसमोर आपलं अडलेलं सांगणं वेगळं. कुणी उठेना.

सरिता मार्गदर्शकांच्या बाजूला उभी होती. तिने पर्स खांद्याला लावली, हॉलच्या मधून चालत शिकणाऱ्यांच्या बाजूला गेली, तिथून मंचावर चढली आणि अडलेल्याच्या खुर्चीत बसली.

दाराशी बाक धरून आलेला अंकुश तसाच बाक धरून उभा राहिला. समोरची खुर्ची रिकामीच होती. मार्गदर्शकांमधून एकही पुढे येईना. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची डिग्री त्याच बाईच्या शनिवारांवर झाली होती.

“ये ना वं,” सरिता भूमिकाला म्हणाली. “प्रमुख तूच आहेस आता.”

“मॅडम, मले नाही जमणार.”

“जमते. बस.”

भूमिका बसली. तिने डोळे पुसले, मांडीवरचे हात सरळ केले. विचारायचं काय ते तिला पाठ होतं, पण तोंडातून निघेना. शेवटी तिने विचारलं, “मॅडम, कुठपर्यंत नीट चाललं होतं?”

हा प्रश्न सरिताने मदुराईला विचारला होता, गुवाहाटीला विचारला होता, कितीतरी अनोळखी पोरांना विचारला होता. तिला तो आजवर कुणी विचारलेला नव्हता. तिच्या छातीत इतकं धडधडायला लागलं, जसं एमएस्सीच्या पहिल्या दिवशी धडधडलं होतं.

“बी जमा केलं, माळ वाचून भेटली, तिथपर्यंत एकदम मस्त,” ती म्हणाली. “मंग एक अक्षर गळलं होतं, ते भेटलं. त्याच्यापुढं कसं जायचं, ते मले नाही समजत.”

“कशाचं बी मॅडम?” शिकणाऱ्यांच्या बाजूने कुणीतरी विचारलं.

सरिताने पदर सावरला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि कुहीच्या लाखोळीपासून सांगायला घेतलं.